पुण्यात खडकीजवळचं मुलांचं हॉकी शिबिर, ते डच कोच येतात ते: मुलाला घालावं का?

रिव्ह्यू लांबणारे, आधीच सांगते. फक्त उत्तर पाहिजे असेल तर हे घ्या: मूल ७ ते १२ मधलं आहे, हॉकी कधी खेळलं नाहीये आणि रविवारी सकाळी सहाला उठायची घरात कोणाची तरी तयारी आहे, तर बिनधास्त घाला. मूल १४-१५ चं आहे आणि डोक्यात जिल्ह्याची निवड, स्पोर्ट्स कोटा वगैरे असेल तर इथे नका येऊ, त्याला रोजचं टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) आणि भरपूर मॅचेस लागतात, ते यांच्याकडे नाही आणि ते तसं तोंडावर सांगतातही.

शिबिराचं नाव टाकत नाही कारण चालवणाऱ्यांनीच सांगितलंय, सध्या बॅच फुल आहे, अजून फोन नकोत. खडकी-बोपोडीकडच्यांना कळेलच कुठलं ते. एका शाळेचं मुरमाचं मैदान आहे. चालवणारे सगळे हौशी लोक, एक रिटायर्ड सुभेदार काका, दोन-तीन कॉलेजची पोरं जी स्वतः युनिव्हर्सिटीकडून खेळलीत, आणि एक ताई जी आठवडाभर हिंजवडीला आयटीत असते आणि रविवारी गळ्यात शिट्टी. पगार कोणालाच नाही. फी तीन महिन्यांची पंधराशे, त्यात स्टिक वापरायला मिळते, शिनपॅड (नडगीला बांधायचं) आणि माउथगार्ड आपलं आपण आणायचं. थंडीत काही आठवडे नेदरलँड्सचे कोच येतात, तेही स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून.

आता हे डच लोक इथे कशाला येतात हा प्रश्न मलाही होता. त्यांच्यातल्या एकाशी बोलले तर कळलं की तिकडे क्लब चालतातच असे. पोराला क्लबात घातलं की आईबाप आपोआप कामाला लागतात, कोणी लहान मुलांच्या मॅचला अंपायर, कोणी टीम मॅनेजर, कोणी कँटीनच्या काउंटरवर. म्हणजे बिनपगारी काम करायची सवय तिथलीच. जेमतेम पावणेदोन-दोन कोटी लोकसंख्येचा देश तो, पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पुरुषांचं आणि बायकांचं दोन्ही गोल्ड त्यांनी नेलं. आपल्याला ब्राँझ मिळालं म्हणून आपण नाचलो (मीही नाचले, टोकियोनंतर लागोपाठ दुसरं होतं, का नाचू नये). भारतात असं काम करणारे हे पहिले नाहीत. फ्लोरिस यान बोवलँडर म्हणून त्यांचा १९९६ चा ऑलिंपिक गोल्डवाला खेळाडू आहे, त्याच्या फाउंडेशनने टाटा ट्रस्ट्सबरोबर झारखंडमध्ये शाळाशाळांतून हॉकी सुरू केली. राजस्थानात एका जर्मन बाईने खेड्यातल्या पोरांसाठी हॉकी सुरू केली होती. पुण्यात मात्र मी हे पहिल्यांदाच बघितलं.

आणि खडकीत हॉकी नवीन थोडीच आहे! धनराज पिल्ले इथलाच, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समधला, मोडक्या स्टिकने खेळून मोठा झालेला. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, १९९८ च्या बँकॉक एशियाडला तो कॅप्टन आणि आपल्याला गोल्ड. सुभेदार काकांसमोर हा विषय काढू नका, नाहीतर प्रॅक्टिस संपून जाते आणि काका अजून मॅचच्या पहिल्या हाफमध्येच असतात. पण आताच्या पोरांना विचाराल तर सगळ्यांना क्रिकेट आणि फुटबॉल. माझ्या मुलालाही तेच पाहिजे होतं, क्रिकेटच्या क्लासची फी ऐकून आम्ही इकडे आलो, खरं ते खरं.

शिकवणं कसं आहे त्यावर येते. लाईन नाही! हे मला सगळ्यात आवडलं. आपल्याकडे कुठल्याही खेळाच्या क्लासला गेलात की वीस पोरं रांगेत उभी, एक मारतंय आणि एकोणीस नाकात बोट घालून बघतायत. इथे दोघांत एक बॉल, कोन लावून छोटे छोटे चौकोन, सतत काहीतरी चालू. मग शेवटी पाच-पाचच्या मॅचेस, बाजूला फळ्या पाहिजेत तर शाळेचे बाक आडवे लावलेत, बॉल बाकाला आपटून परत येतो आणि खेळ थांबत नाही. ही फाईव्ह-अ-साइड म्हणजे टाइमपास नाही बरं का, २०१८ ला ब्युनोस आयर्सच्या यूथ ऑलिंपिकमध्ये हॉकी याच फॉरमॅटमध्ये होती आणि आपल्या मुलांना नि मुलींना दोघांनाही सिल्व्हर मिळालंय. लहान गटाला हिट (स्टिक मागे नेऊन फटका) मारायला बंदी, फक्त पुश, म्हणजे स्टिक बॉलला लावून ढकलायचं. त्यामुळे कोणाच्या नडगीवर स्टिक बसत नाही आणि पोरं बॉल उचलून मारायच्या आधी पास द्यायला शिकतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण बऱ्याच पालकांना हा प्रश्न पडतो. माझा मुलगा डावखुरा. क्रिकेटला डावखुरी बॅटिंग असते, हॉकीत डावखुरी स्टिकच नसते, नियमातच नाही, एकच बाजू सपाट आणि बॉल तिनेच खेळायचा. पहिल्या रविवारी पोरगं हात उलटे पकडून उभं, मला वाटलं गेले पैसे. त्या ताईने त्याला बाजूला घेतलं, उजवा हात पाठीमागे ठेवायला लावला आणि म्हणाली आता नुसत्या डाव्या हाताने स्टिक फिरव, बॉलच्या इकडून तिकडे, इकडून तिकडे. स्टिकच्या टोकाशी असतो तो डावा हात, स्टिक वळवायचं सगळं काम त्याचं, उजवा हात खाली फक्त आधाराला आणि जोर द्यायला. उजव्या पोरांचा डावा हात दहा मिनिटांत भरून आला आणि हे ध्यान मजेत फिरवत बसलेलं. अजून हिट सरळ जात नाही त्याची, पण ड्रिबलिंगला आता मोठी पोरं त्याला आपल्या टीममध्ये मागतात. हे असं समजावून सांगणं हातात शिट्टी असलेल्या प्रत्येकाला जमत नाही.

आता स्टिकचा घोळ. डच क्लबांनी जुन्या स्टिक गोळा करून पाठवल्या, भावना चांगली, कंपोझिट आहेत, आपल्याकडे नवीन घ्यायला गेलं तर खिसा रिकामा. पण त्यातल्या अर्ध्याहून जास्त साडेछत्तीस इंची, म्हणजे मोठ्यांच्या. नऊ वर्षांच्या पोराला कमरेपर्यंत येईल अशी स्टिक लागते. लांब स्टिक दिली की पोरगं ताठ उभं राहून खेळतं, गुडघे वाकत नाहीत, आणि मग कोच दिवसभर ओरडतोय की खाली वाक, खाली वाक. अरे वाकेल कसं ते! शेवटी आम्ही चार-पाच पालकांनी मिळून जालंधरवरून छोट्या लाकडी स्टिक मागवल्या, नवशिक्याला त्या पुरतात. परदेशातून मदत पाठवणाऱ्यांनी आधी एक फोन करून साइझ विचारला असता तर काय बिघडलं असतं.

पण एक काम या डच लोकांनी फार डोक्याने केलंय. आमच्या ग्रुपवर सगळ्यांचा सूर असा की फॉरेनचा कोच माझ्या बाळाला शिकवणार, फोटो काढणार, स्टेटस टाकणार. पण आमच्याकडे आलेला कोच, तो डच दादा, मुलांबरोबर राहायचा जेमतेम अर्धा वेळ. बाकी वेळ कॉलेजच्या पोरांना आणि ताईला शिकवत होता, सेशन कसं आखायचं, पंधरा मिनिटांनी खेळ का बदलायचा, चुकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर न बोलता कसं थांबवायचं. एका रविवारी तर तो नुसता कुंपणाशी उभा राहिला आणि वहीत लिहीत होता, सगळं सेशन आपल्या पोरांनी घेतलं. काही पालक चिडले की याच्यासाठी पैसे भरले का आम्ही. मला उलट वाटलं. तो जानेवारीत जाणार, पावसाळ्यात माझ्या मुलासमोर कोण उभं असणारे? ताईच ना. म्हणून अशा कुठल्याही शिबिरात पैसे भरायच्या आधी एवढं एकच विचारा, पाहुणे गेल्यावर कोण शिकवणार आणि त्याला कोणी शिकवलं. इथे उत्तर मिळालं. मी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं, तिथे मला ब्रोशर मिळालं.

डच दादाला पोरं सरळ नावाने हाक मारायची, त्यानेच सांगितलेलं. आमच्या सासूबाई एकदा सोडायला आल्या होत्या, त्यांना ते अजिबात झेपलं नाही.

तक्रारी. टॉयलेट वाईट आहे, शाळेचं एकच उघडतात आणि मुलींचे हाल होतात, हे आधी सुधारा बाकी सगळं नंतर. सावली नाही, साडेआठनंतर पालकांनी छत्री आणावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे कहर, प्रॅक्टिस रद्द झाल्याचा मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो, अ‍ॅडमिन ओन्ली करा प्लीज. गोलकीपरचं किट एकच आहे आणि सगळी पोरं तेच घालतात, वासाबद्दल मी काही लिहीत नाही. शेवटच्या दिवशी बॅनर, पाहुणे, भाषणं यात दीड तास गेला, पोरं उन्हात बसून होती.

मुरमावर बॉल उडतो, नीट ट्रॅपिंग (येणारा बॉल स्टिकने अडवणं) शिकता येत नाही हाही खरा मुद्दा आहे. १९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम टर्फवरच चाललीये, मातीवर शिकलेलं पोर तिथे गेलं की बॉल वेगाने येतो आणि स्टिकखालून निघून जातो. यांनी एकदा मुलांना पिंपरीला नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर नेलं होतं, पोरं वेडी झाली नुसती, पण एकदा नेऊन काय होतंय, महिन्यातून एकदा तरी पाहिजे. त्यासाठी फी दोनशे-तीनशे वाढवली तरी आमची ना नाही, बाकीच्या पालकांचं त्यांनी बघावं.

माझ्याकडून पाचपैकी चार. टॉयलेटसाठी अर्धा कापला, टर्फसाठी अर्धा. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे म्हणतात, आदल्या रविवारी मैदानावर जाऊन सुभेदार काकांकडे नाव द्यायचं, ऑनलाइन काही नाही. जाताना मुलाला चप्पल घालून नेऊ नका, काका परत पाठवतात.