नागपूरच्या सेंटरवर माझं नावच नव्हतं

सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या परीक्षेचं स्वस्तात बुकिंग करून देतो म्हणणाऱ्यानं फसवलं, 22,100 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना "किती गेले असतील बाप्पा" हे डोक्यात राहायला नको.

मी दारव्हा तालुक्यातला. तालुक्याच्या एका लहानशा इंटरनेटवाल्याकडे कामाला आहे, काम म्हणजे सगळंच, खांबावर चढून फायबर जोडा, ट्रॅक्टरनं वायर तोडली की स्प्लायसिंग करा, ऑफिसात राउटर सांभाळा, अन् रात्री 11 ला कोणाचं वायफाय चालत नाही म्हणून फोन आला की उठा. सिस्कोची सीसीएनए परीक्षा 2 वर्षांपूर्वी झाली. आता तिच्या वरची सीसीएनपी करायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सिस्कोची सीसीएनपी एंटरप्राइज म्हणजे 2 पेपर, एक कोअर, 350-401, त्याला सगळे एनकोर म्हणतात, 120 मिनिटांचा, अन् दुसरा आपल्या आवडीचा. एकट्या एनकोरची फी 400 डॉलर, टॅक्स वेगळा. रुपयात धरा चाळीस हजाराच्या घरात. नापास झालं तर फी गेली, परत द्यायची असेल तर परत तेवढीच भरा. आमच्या घरी चाळीस हजार म्हणजे काय हे कापूसवाल्यांना सांगायची गरज नाही.

अभ्यास मात्र मनापासून केला होता. रात्री शेतीची लाइन आली की बाबा मोटर चालू करायला वावरात जायचे अन् मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचो. 8 जीबी रॅम, जीएनएस थ्री या सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी 5 नकली राउटर चालू केले की पंखा सोयाबीनच्या थ्रेशरसारखा वाजायचा, आई आतून ओरडायची की ते बंद कर नाहीतर पेटंन. पण राउटर एकमेकांना रस्ते कसे सांगतात ते पेपरातले विषय, ओएसपीएफ, बीजीपी, व्हीआरएफ, रूट रिडिस्ट्रिब्यूशन, सगळं स्वतःच्या हातानं करून पाहिलं. दोन राउटर जुळताना एक्सस्टार्ट नावाच्या पायरीत अडकून बसले तर आधी दोन्हीकडचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल साइज, पाहायचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हे मुद्दाम सांगतोय, पुढं कळंल का ते.

तर एका टेलिग्राम ग्रुपवर अभ्यासाचं बोलता बोलता एका माणसाचा मेसेज आला. "कसं काय भाऊ, अभ्यास सुरू हाय न?" मग फोन. बोलणं अस्सल वऱ्हाडी, म्हणे मी अकोल्याकडचाच, आता बेंगलोरले एका मोठ्या कंपनीत हावो, आमच्या कंपनीले सिस्कोचे व्हाउचर, म्हणजे परीक्षेची फी भरायचे कोड, येतात, उरतात, आपल्याकडच्या पोरांले अर्ध्या भावात देतो, बाहेरच्याले नाही देत. खरं सांगू, हाच माणूस हिंदीत बोलला असता तर मी फोन कापला असता. आपल्या भाषेत बोलला म्हणून मी ऐकत बसलो. अकोल्याच्या उन्हाळ्यापासून वांग्याच्या भाजीपर्यंत गप्पा झाल्या आमच्या.

भाव ठरला 18,500. मी म्हटलं व्हाउचरचा कोड पाठवा, मी बुक करतो. तर म्हणे तसं नाही चालत, कॉर्पोरेट व्हाउचर हाय, आमच्याच लॉगिनवरून लावा लागते, तू फक्त तुझा सिस्कोचा आयडी, पासवर्ड अन् आधार-पॅनचा फोटो दे. इथं मी थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो, कारण माझी सीसीएनए पण क्लासवाल्या सरांनीच बुक करून दिली होती, मी फक्त जाऊन पेपर दिला होता. म्हणजे बुकिंग दुसऱ्यानं करणं मला नवीन वाटलंच नाही. परीक्षा पास झालेला माणूस अन् बुकिंगचं पान त्यानं आयुष्यात कधी उघडून पाहिलं नाही, असं आहे आपलं.

बाबांनी कापूस विकला त्यातले 10,000 आधी पाठवले, उरलेले 8,500 चार दिवसांनी. यूपीआयवर पाठवताना नाव आलं कोणत्या तरी बाईचं. विचारलं तर "वहिनीचं खातं हाय" म्हणे. दुसऱ्यांदा पाठवलं तर तिसरंच नाव, ते पण वहिनीच असंल असं मीच समजून घेतलं! मग 2 दिवसांनी टॅक्सचे 3,600 मागितले. ते पण दिले, कारण 18,500 अडकले होते ना.

वरून त्यानं फुकटात "लेटेस्ट डंप", म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं, म्हणून 280 पानांची पीडीएफ पाठवली. हो, मी उघडली. इथं साळसूदपणा नाही करत, मला पण वाटलं चार प्रश्न आयते आले तर बरं. पहिल्या वीस पानांतच एका उत्तरात आयबीजीपीचा, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या बीजीपीचा, एडी (रस्त्यावर किती भरवसा ठेवायचा तो आकडा) 20 लिहिला होता. अरे 20 बाहेरच्या ईबीजीपीचा, आयबीजीपीचा 200! पुढं एका ठिकाणी ओएसपीएफमधला टाइप 5 एलएसए, म्हणजे बाहेरच्या रस्त्यांची खबर, एबीआर राउटर बनवतो असं, तर तो एएसबीआर राउटर बनवतो. ज्याच्या कंपनीत एवढे नेटवर्कवाले आहेत त्याची पीडीएफ अशी कशी, हा प्रश्न डोक्यात आला अन् मी तो बाजूला सारला. तसंही डंपवर पास झालं अन् सिस्कोनं पकडलं तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. तेव्हा ते सुचलं नाही.

कन्फर्मेशनचा मेल आला. लोगो बरोबर, तारीख, वेळ, नागपूरच्या सेंटरचा पत्ता, सगळं बरोबर.

परीक्षेच्या दिवशी पहाटे चारला निघालो. गावातून फाट्यापर्यंत चुलतभावाच्या गाडीवर, मग यवतमाळ, तिथून नागपूरची एसटी. (आमच्याकडची शकुंतला रेल्वे चालू असती तरी तिनं मुर्तिजापूरलाच नेलं असतं, ती गोष्ट वेगळी.) आईनं डब्यात पोळी-ठेचा दिला होता तो गणेशपेठच्या स्टँडवर बसून खाल्ला, तोंड धुतलं, अन् वेळेच्या अर्धा तास आधी सेंटरवर पोचलो. काउंटरवरच्या मॅडमनी ओळखपत्र घेतलं, यादी पाहिली, परत पाहिली. "सर, तुमचं नाव नाहीये आज." मी मेल दाखवला. त्यांनी मेल नाही पाहिला, मेल पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला अन् मोबाईल माझ्याकडे वळवला. सिस्कोच्या परीक्षा घेणाऱ्या पिअरसन कंपनीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं होतं.

एक अक्षर. दिवसभर आयपी अॅड्रेसमधला एक आकडा चुकला म्हणून दुसऱ्यावर ओरडणारा माणूस मी.

तिथूनच त्याला फोन लावला, बंद. टेलिग्रामवर ब्लॉक. सिस्कोच्या खात्यात जायला गेलो तर पासवर्ड बदललेला, ईमेल पण बदललेला. ते खातं परत मिळवायला सपोर्टवाल्यांशी बरेच दिवस घासाघीस करावी लागली, माझी सीसीएनए त्याच खात्यात होती.

घरी तीन दिवस सांगितलं नाही. पेपर कसा गेला विचारलं तर "निकाल यायचा हाय" म्हटलं, तर सिस्कोच्या निकालाला बहुतेक एवढे दिवस लागत नाहीत, पण हे बाबांना कुठून माहीत असणार. ते तीन दिवसच महागात पडले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न हाच की पैसे कधी गेले. शेवटचे 3,600 जाऊन पण आठवडा झाला होता. सायबरक्राईमच्या पोर्टलवर तक्रार झाली, ठाण्यात पण जाऊन आलो, पण खात्यांमधून पैसे केव्हाच काढून नेलेले. तासाभरात फोन गेला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात, तेव्हा लाज बाजूला ठेवा अन् आधी 1930 लावा. आधार-पॅनचा फोटो दिला होता म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, सरकारच्या संचार साथी साइटवर जाऊन माझ्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. अजून तरी माझेच 2 दिसतात.

बाबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कापसाच्या काट्याजवळ मी चार घंटे उभा राह्यलो, एक किलो इकडंतिकडं होऊ देल्लं नाही. अन् तुनं डोये मिटून देल्ले बे."

आता बुकिंग कसं असतं ते मी शिकलो. आपल्याच सिस्को लॉगिनमधून पिअरसन व्ह्यूच्या पानावर जायचं, सेंटर अन् तारीख आपणच निवडायची, अन् खरं व्हाउचर असेल तर त्याचा कोड पैसे भरायच्या पायरीवर आपणच टाकायचा. त्यात कोणाला पासवर्ड द्यायची जागाच नाही. बुकिंग झालं की अपॉइंटमेंट आपल्या खात्यात दिसते. मेल कितीही चांगला दिसो, खात्यात नाही म्हणजे नाही. पासवर्ड दिल्यावर मी एकदाही परत लॉगिन केलं नव्हतं. केलं असतं तर नागपूरचं एसटी भाडं तरी वाचलं असतं.

मागच्या महिन्यात तोच डीपी वेगळ्या नावानं दुसऱ्या ग्रुपवर दिसला. "सीसीएनपी व्हाउचर, अर्ध्या भावात, फक्त विदर्भाच्या पोरांसाठी." मी खाली लिहिलं की हा फसवतो, दोन मिनिटांत मलाच ग्रुपमधून काढलं. म्हणून इथं लिहितोय. नंबर बदलतो, नाव बदलतो, पण सुरुवात तीच असते: कसं काय भाऊ, अभ्यास सुरू हाय न?