आधी हार्ट की आधी स्टॅमिना? 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

ग्रेट प्लॅटो या सुरुवातीच्या पठारावरील चार श्राइन (आव्हानांची छोटी देवळे) पार करून चार स्पिरिट ऑर्ब (श्राइनमागे मिळणारे गोळे) हाती आले, की टेम्पल ऑफ टाइममधील देवीची मूर्ती एक प्रश्न विचारते आणि पुढे 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा व्हिडिओ गेम संपत येईपर्यंत तो प्रश्न खेळाडूची पाठ सोडत नाही: एक हार्ट (जीवशक्तीचे एकक) वाढवायचे, की स्टॅमिनाच्या (दमाच्या) चक्राचा एक पंचमांश भाग? मूळ खेळात १२० श्राइन आहेत, म्हणजे दर चार ऑर्बमागे एक याप्रमाणे ही निवड ३० वेळा करायची असते. परंतु खरा कस पहिल्या दहा-बारा निवडींतच लागतो, कारण तीन हार्ट आणि एक चक्र एवढ्याच शिदोरीवर खेळाचा नायक लिंक हायरूलच्या राज्यात उतरलेला असतो आणि दोन्ही गोष्टी तुटपुंज्या पडत असतात.

हार्ट आधी घ्यावीत असे सांगणाऱ्यांचे म्हणणे मला मुळीच चुकीचे वाटत नाही. सुरुवातीच्या तीन हार्टांवर गार्डियन या यंत्ररूपी शत्रूचा एक लेझर किंवा लायनेल या बलाढ्य राक्षसाचा एक फटका पुरेसा ठरतो, आणि ज्यांची बोटे ऐन क्षणी बाजूला उडी मारून फ्लरी रश (सलग प्रतिहल्ला) साधण्याइतकी सरावलेली नाहीत, त्यांना एखादी चूक पचवण्याची मुभा हार्टच देतात. शिवाय हार्टी ड्युरियन किंवा हार्टी रॅडिश घालून शिजवलेला पदार्थ सगळी हार्ट एकदम भरून देतो, त्यामुळे हार्ट जितकी जास्त, तितका तोच पदार्थ जास्त फळ देतो. भटकंतीत फारसे न रमता एकामागून एक डिव्हाइन बीस्ट (चार प्रचंड यांत्रिक प्राणी) गाठायचे असा ज्यांचा बेत आहे, त्यांनी हार्टचा मार्ग धरला तर त्यात काही वावगे नाही.

माझा कौल ज्या एका त्रासामुळे दुसरीकडे झुकला, तो चढाईतला आहे. दुरून एखादे श्राइन किंवा टॉवर दिसतो, मधला कडा सरळसोट असतो, आणि अंदाज घेता चक्र जेमतेम पुरेल असे वाटते. अर्ध्यावर पोहोचेपर्यंत पाऊस सुरू होतो. पावसात लिंकचा हात चार-पाच पकडींनंतर निसटतो, कमावलेली उंची थोडी थोडी वाया जाते, आणि कड्याची वरची कड डोळ्यांसमोर असताना चक्र लाल होऊन लुकलुकू लागते. अशा वेळी शहाणपणाने हात सोडून पॅराग्लायडर उघडला, तरी उतरणे पायथ्याशीच होते, आणि खडकाला टेकून उभे राहण्याजोगी जागा नसेल तर दुसरा उपाय उरत नाही. ड्युएलिंग पीक्सजवळच्या री दाही श्राइनमधील क्लाइंबर्स बँडानाने चढण्याचा वेग वाढतो, परंतु घसरणे थांबत नाही. (२०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' या पुढच्या भागामध्ये त्यासाठी फ्रॉगी पोशाख आला, इथे तशी सोय नाही.) दुसरे चक्र पूर्ण झाल्यावर पाऊस तोच राहतो आणि घसरणेही तेवढेच राहते, पण घसरत घसरत का होईना, माथा गाठता येतो. हा फरक मी कधी मोजला नाही. मात्र त्यानंतर आभाळ भरून आले म्हणून कड्याखाली शेकोटी पेटवून थांबण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, असे मला वाटते. हार्ट कमी पडली तर त्यावर इलाज पुष्कळ आहेत: ग्रेट फेअरीकडून सुधारून घेतलेले चिलखत प्रत्येक फटक्यातून ठरावीक हानी वजा करते, सोबत बाळगलेली परी मरता मरता उठवते, आणि सफरचंदे व मांस तर वाटेवर मिळतच राहतात. एवढे करूनही लिंक मेलाच, तर आपोआप झालेल्या सेव्हमुळे खेळ बहुधा जवळूनच पुन्हा सुरू होतो. कड्यावरून खाली आलेला लिंक जिवंत असतो, पण सगळी चढण नव्याने चढायची असते. स्टॅमिना भरून देणारे खाद्य कड्याला लटकलेल्या स्थितीतही खाता येते, हे खरे आहे. मात्र त्यासाठी स्टॅमेला श्रूम किंवा एंड्युरा कॅरट आधी शोधून, शिजवून जवळ ठेवावे लागते, आणि ज्या सुरुवातीच्या काळात चक्र सर्वांत अपुरे असते, त्याच काळात ही सामग्रीही हाताशी नसते. पळणे, पोहणे, पॅराग्लायडरवर तरंगणे, हवेत धनुष्य ताणून वेळ मंदावणे, टाओबाब गवताळ प्रदेशातील तो प्रचंड घोडा वश करणे, ही सगळी कामे एकाच चक्रावर चालतात, त्यामुळे तिथे घातलेला ऑर्ब दिवसभर उपयोगी पडतो, तर हार्टचा उपयोग फटका बसल्यावरच होतो.

स्टॅमिनाने सगळेच सुटते असा माझा दावा नाही. झोराज डोमेनकडे जाताना पाऊस थांबतच नाही आणि तिथे नदीकाठच्या वाटेने, शत्रूंशी झुंजत जाणेच भाग पडते. त्या वाटेवर मला चार हार्ट जास्त असती तर बरे झाले असते. वा मेडो हा डिव्हाइन बीस्ट मुक्त केल्यावर मिळणारे रेवालीज गेल (वर उचलणारा वाऱ्याचा झोत) चढाईचा बराच भार हलका करते, त्यामुळे ज्यांना आधी रिटो गावाकडेच जायचे आहे, त्यांना दुसऱ्या चक्राची निकड कदाचित माझ्याइतकी भासणार नाही.

तरीही कोणी विचारलेच तर मी असे सुचवीन: पहिले २० ऑर्ब स्टॅमिनावर घालून दुसरे चक्र पूर्ण करावे, आणि मग हार्टकडे वळावे. तिसरे चक्र सावकाश, जमले तर घ्यावे. मला त्याची उणीव फारशी जाणवली नाही. कोरोक फॉरेस्टमधील मास्टर स्वोर्ड ही तलवार उपसण्यासाठी १३ हार्ट लागतात आणि खाण्यातून मिळालेली पिवळी हार्ट तिथे धरली जात नाहीत, म्हणून पुष्कळ जण घाईने हार्ट जमवू लागतात. पण प्रत्येक डिव्हाइन बीस्टमागे एक हार्ट मिळतेच. चारही मुक्त झाले की तीनची सात होतात आणि उरलेल्या सहा हार्टांना २४ ऑर्ब पुरतात. म्हणजे दुसरे चक्र धरूनही ४४ ऑर्बमध्ये तलवार हाती येते. तेवढीही वाट पाहवत नसेल, तर हाटेनो गावाबाहेरची शिंगे असलेली मूर्ती १०० रुपींना (खेळातले चलन) स्टॅमिनाचा एक भाग विकत घेते आणि १२० रुपींना हार्ट देते. प्रत्येक बदलाला २० रुपींचा तोटा सोसून तलवार काढावी, आणि परत येऊन स्टॅमिना पूर्ववत करून घ्यावा.