चर्च आणि कर: अमेरिकेची सूट की जर्मनीची वसुली?

अमेरिकेत चर्चला प्राप्तिकर नाही आणि त्या सवलतीसाठी अर्जही करावा लागत नाही. इतर धर्मादाय संस्था दरवर्षी भरतात ते विवरणपत्रही चर्चला माफ. सरकार आणि धर्म वेगळे ठेवण्याच्या तत्त्वात हे बसतं का, हा वाद न्यूयॉर्कमधल्या मालमत्ताकराच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७०च्या ‘वॉल्झ’ निकालाचा सूर असा, की कर लावला तर मूल्यांकन, थकबाकी, जप्ती यांतून सरकारच चर्चमध्ये जास्त गुंतेल. एकट्या न्या. डग्लस यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते अशी सूट म्हणजे अनुदानच. मला तेच खरं वाटतं. चर्चने न भरलेल्या कराचा बोजा शेवटी शेजारपाजारच्या घरमालकांवरच पडणार ना?

जर्मनीत उलटी गंगा. राज्याचा अधिकृत धर्म नाही, तरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचा कर सरकारी करखातंच गोळा करतं: प्राप्तिकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८. वसुलीचा मोबदला सरकार कापून घेतं. वसईहून म्युनिकला नोकरीला गेलेल्या कॅथलिक माणसाने नोंदणीत धर्म लिहिला, की त्याच्याही पगारातून हा कर कापला जातो. नको असेल तर चर्च सोडल्याचं सरकारी कार्यालयात रीतसर नोंदवायचं.

हिशेबाच्या बाबतीत मी जर्मनीच्या बाजूने: कोण किती देतो ते पगारपत्रकावर दिसतं, आणि सभासद नसलेल्यावर हा कर पडत नाही. पण माझा धर्म कोणता, हे करखात्याला कशाला कळायला हवं?