पेठेतली वखार की कुपवाडची शेड?

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीत उभं केलं, हे आम्ही दर उद्घाटनाला सांगतो. तालमी मात्र अजून कुणाच्या तरी पार्किंगमध्ये करतो. आता तुमचा गट जागा बघतोय. नाटक, सुतारकाम, चाकावरची मातीकला, सगळं एका छपराखाली हवंय. असाच शोध आम्ही दोन वर्षं केला, म्हणून हे लिहितोय.

जागा दोनच प्रकारच्या मिळतात. हळदीचा घाऊक व्यापार मार्केट यार्डात गेला तशा गणपती पेठेच्या अंगाला जुन्या वखारी रिकाम्या पडल्या. आणि कुपवाड एमआयडीसीत बंद कारखान्यांच्या शेड आहेत.

कामाच्या सोयीनं बघाल तर शेडच घ्याल. थ्री फेज वीज आधीपासून असते. विजेवरची लहान भट्टीसुद्धा पाच-सहा किलोवॅट ओढते; वखारीत तेवढा लोड मागायचा तर वायरिंग मुळापासून बदलावं लागतं. शेडला उंची असते, टेम्पो आत येतो, रात्री नऊला करवत चालवली तरी कुणी दार ठोठावत नाही. पत्र्याखाली एप्रिल-मे काढणं म्हणजे शिक्षा आहे, पण ते सहन होतं. कागदाचं तेवढं बघा: भूखंड भाडेपट्ट्यानं दिलेला असतो, तो उद्योगासाठी. मूळ धारकानं परस्पर पोटभाड्यानं दिला तर उद्या एमआयडीसीची नोटीस तुमच्या नावानं येईल.

वखारीचं पहिलं वैगुण्य सगळ्यांना ठाऊक आहे, कृष्णा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमच्या नेपथ्याच्या चौकटी तेव्हा तळमजल्यावर होत्या. पाणी ओसरल्यावर प्लायवूडचे पापुद्रे वहीसारखे उलटत होते. २०२१ ला पुन्हा तेच, फक्त तोवर आम्ही शहाणे झालो होतो. कृष्णेचं पाणी इथं एका रात्रीत डोक्यावर येत नाही. कोयनेचा विसर्ग किती आणि पुलाजवळ किती फूट, हे अख्खं गाव तासातासाला विचारत असतं. सामान हलवायला वेळ मिळतो. भट्टी आणि लेथ मात्र उचलून नेता येत नाहीत.

एवढं असून मी वखारीच्या बाजूनं आहे. कारण संध्याकाळी सहाला तिथं माणसं येतात. भाजी घ्यायला निघालेली बाई डोकावते, शाळेतून सुटलेली पोरं दारात रेंगाळतात. कुपवाडला मुद्दाम जावं लागतं. आम्ही तिथं तीन महिने शिबिर चालवून पाहिलं: रविवारी गर्दी, बुधवारी आम्हीच चौघं. अंधार पडल्यावर मुलींना एकटं पाठवायला आया तयार नव्हत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. जाड भिंतींमुळे वखार उन्हाळ्यात गार राहते, हा वरचा फायदा. हळदीचा वास कधीच जात नाही. पांढरे कपडे घालून येऊ नका.

तुमचं काम मुख्यतः वाद्यनिर्मिती किंवा लाकूडकामाचं असेल तर माझं मत बदलेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला कारागीर शिकवायला येणार असेल तर त्याला कुपवाड फार लांब नाही, आणि रंधा, पॉलिश, भुसा यांना शेडच बरी.

महापालिकेच्या बंद शाळेचाही पर्याय कुणीतरी सुचवेलच. खोल्या छान असतात, पण ठराव होईस्तोवर तुमच्या गटातली निम्मी पोरं नोकरीला पुण्यात गेलेली असतील.

वखार घ्यायची ठरलं तर अकरा महिन्यांच्या करारावर छपराला हात लावू नका. पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स मागा आणि नोंदवून घ्या. पोटमाळा २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बांधा. ती खूण शेजारचा दुकानदार बोटानं दाखवतो. भट्टी पहिल्या वर्षी घेऊच नका, दुसऱ्याच्या भट्टीत भाजून आणा. आणि बोलणी सुरू करण्याआधी प्रॉपर्टी कार्ड काढा. आम्हाला आवडलेल्या वखारीवर नऊ नावं होती. आठ जणांनी सह्या केल्या.