वाटून घेणारी पुस्तकं आणि मिळून ओढणारी पुस्तकं: मुलासाठी कोणतं घ्यावं?

वाटून घेणं वेगळं आणि मिळून काम करणं वेगळं. दुकानात मात्र दोन्हींची चित्रपुस्तकं एकाच फळीवर असतात. तीन वर्षांच्या मुलाला हातातली गाडी शेजारच्याला देणं जिवावर येतं, पण त्याच मुलाला चार जणांबरोबर दोर ओढायला सांगा, हसत धावत येईल. पुस्तक निवडताना आधी हे बघा, की आपल्याला यातलं नेमकं काय हवंय.

‘शेअरिंगचं काहीतरी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा मार्कस फिस्टर यांचं ‘द रेनबो फिश’ हातात येतं. १९९२ सालचं हे पुस्तक दिसायला देखणं आहे. माशाच्या खवल्यांवर खराखुरा चमचमता वर्ख, त्यामुळे मूल पानावरून बोट फिरवतच बसतं. छोटा निळा मासा एक खवला मागतो, सुंदर मासा त्याला झिडकारतो. मग सगळेच त्याच्याकडे पाठ फिरवतात. ऑक्टोपस सांगते, खवले वाटून टाक. तो वाटतो, स्वतःपाशी एकच ठेवतो आणि सगळ्यांचा लाडका होतो.

मला खटकतं ते इथंच. खवला म्हणजे काही खेळणं नव्हे, ते माशाचं अंग आहे. गोव्यातल्या मुलानं परसात मासे साफ करताना खवले उडालेले पाहिलेले असतात. ‘त्याला दुखलं नाही?’ असं त्यानं विचारलं तर पुस्तकात उत्तर नाही. शिवाय दिलं तर मैत्री आणि नाही दिलं तर वाळीत, हा हिशेब मुलाच्या डोक्यात बसावा असं मला तरी वाटत नाही. चित्रांसाठी खुशाल घ्या, पण वाचताना मध्येच थांबून ‘नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का?’ असं विचारायची तयारी ठेवा.

दुसरा मासा लिओ लिओनी यांचा, ‘स्विमी’, १९६३ चा. लाल माशांच्या थव्यात हा एकटाच काळा. भुकेला ट्यूना थवाच्या थवा गिळतो, हा तेवढा निसटतो. मग पानामागून पान तो एकटाच समुद्र बघत हिंडतो. जेलीफिश दिसतो, शेवंड (लॉबस्टर) दिसते. मला पुस्तकाचा हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण गोष्टीला शिकवण्याची घाई नाही. पुढे त्याला खडकाआड दडलेला दुसरा लाल थवा भेटतो. सगळ्यांनी मिळून एका मोठ्या माशाच्या आकारात पोहायचं, ही युक्ती त्याचीच, आणि त्या माशाचा डोळा होतो तो हा काळा. कुणाला स्वतःचं काही तोडून द्यावं लागत नाही, उलट त्याचं वेगळेपणच कामी येतं. अडचण एकच: सुरुवातीलाच भावंडं मरतात. रोज ताटात मासळी बघणारी मुलं त्या पानावर फारशी दचकत नाहीत, दचकतात पालक. तरी चार वर्षांच्या आत मी हे देणार नाही.

त्याआधीच्या वयाला भल्या मोठ्या सलगमाची रशियन लोककथा बरी. हिच्या आवृत्त्या पुष्कळ आहेत. आजोबा, आजी, नात, कुत्री, मांजर एकामागून एक येऊन ओढतात आणि शेवटी इवलासा उंदीर येतो तेव्हा कंद निघतो. सलगम आपल्याकडे कोण ओळखतो! बिनधास्त ‘मुळा’ म्हणा. किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिलेल्या मुलाला तर ही गोष्ट समजावावी लागत नाही: दोन्ही टोकांना माणसं दोर धरून उभी, हात वाढले की जाळं सरकतं. रापणीत नंतर मासळीचे वाटे पडतात, तसे मुळ्याचे कुणाला किती, हे मुलालाच ठरवू द्या. उंदराला किती द्यायचं यावर घरात भांडण झालं तर उत्तमच.

निव्वळ वाटपाचंच हवं असेल, विशेषतः घरात दोन भावंडं असतील, तर पॅट हचिन्स यांचं ‘द डोअरबेल रँग’ (१९८६) बघा. बिस्किटं बारा. दोघांत सहा-सहा, मग बेल वाजते आणि वाटा तीनावर, पुन्हा बेल, दोनावर, पुन्हा बेल, एकावर. उपदेशाचा एक शब्द नाही. पुढची बेल वाजते तेव्हा मुलं खरोखर श्वास रोखतात. गणेश चतुर्थीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) डब्याभोवती चुलतभावंडं जमली की हेच गणित होतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाला भागाकारही आयता मिळतो. लहानग्यांना मात्र संख्या कळत नाहीत आणि गंमत निम्मी होते.

मराठीतूनच वाचायचं असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ मोबाइलवर फुकट आहे. तिथं मराठी आणि कोंकणी दोन्ही मिळतात, म्हणजे आजीची भाषा एक आणि शाळेची दुसरी असलेल्या घरांची सोय होते. पण झोपताना मुलाच्या हातात फोन नको असेल, तर पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आधी पुस्तकं चाळा, मुलानं जे पुन्हा मागितलं तेच विकत घ्या. अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्ती घ्या, आणि पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नका. आपल्याकडच्या ओलीनं पुठ्ठा फुगतो आणि पानं सुटतात.