झोपेची ‘नैसर्गिक’ कॅप्सूल: पाचपैकी दोन तारे

माझी सगळी नोकरी औषधांच्या गुणवत्ता तपासणीत गेली. लेबलावर लिहिलंय तेवढं औषध गोळीत खरंच आहे का, हे यंत्रावर मोजायचं काम. त्यामुळे कुठलीही बाटली हातात आली की मी आधी मागची बाजू वाचते. या बाटलीवर लिहिलंय: मेलाटोनिन 5 मिलिग्रॅम, आणि त्याखाली ‘खास मिश्रण, 500 मिलिग्रॅम’. मिश्रणात व्हॅलेरियन (एका झाडाचं मूळ), अश्वगंधा, कॅमोमाइल (एक फूल), एल-थिअनिन (चहाच्या पानातलं एक अमिनो आम्ल) आणि मॅग्नेशियम ग्लायसिनेट. कुठला घटक किती, ते मात्र कुठेच नाही. कंपनीला विचारलं तर ‘फॉर्म्युला गोपनीय आहे’ एवढंच उत्तर आलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण असं लेबल लावणारी ती एकटी नाही.

आता हिशेब करून बघा. एल-थिअनिनवरच्या बऱ्याच चाचण्या 200 मिलिग्रॅमच्या आहेत. अश्वगंधेच्या मुळाचा अर्क साधारण 300 मिलिग्रॅम, तोही बहुतेकदा दिवसातून दोनदा. 200 आणि 300 मिळूनच 500 झाले. मग व्हॅलेरियन कुठे बसवणार? त्याचीच मात्रा 300 ते 600 असते. आणि मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे 14 टक्के, बाकी सगळं ग्लायसिन. म्हणजे अख्खं मिश्रण नुसतं मॅग्नेशियम ग्लायसिनेट असतं, तरी मॅग्नेशियम मिळालं असतं 70 मिलिग्रॅम. यादी छापायला पाच नावं, पण पुरेसा डोस फार तर एखाद्याचा.

कॅप्सूलमध्ये काही काम करत असेल तर ते मेलाटोनिन, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोक त्याला झोपेची गोळी समजतात, पण ते शरीरातलंच एक संप्रेरक आहे. संध्याकाळी उजेड कमी झाला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते सोडायला लागते, नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी. रात्र झाली एवढंच ते शरीराला कळवतं, गुंगी आणणं हे त्याचं मुख्य काम नाही. म्हणूनच किती घेतलं यापेक्षा कधी घेतलं याला महत्त्व आहे. झोपेची वेळ अलीकडे आणायची असेल तर ते काही तास आधी घ्यावं लागतं, आणि योग्य वेळी घेतलं तर अर्धा मिलिग्रॅमही 3 मिलिग्रॅमच्या जवळपास तेवढंच शरीराचं घड्याळ सरकवतं. लेबलावर मात्र ‘अंथरुणावर पडताना एक कॅप्सूल’.

मी दोन्ही करून पाहिलं. पडताना घेतली तेव्हा फरक जाणवला नाही, उलट सकाळी डोकं जड. संध्याकाळी लवकर घेऊन दिवे मंद केले तेव्हा पेंग लवकर आली, हे खरं. पण त्यात कॅप्सूलचा वाटा किती आणि मंद दिव्यांचा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पहाटे तीनला जाग यायची ती येतच राहिली. तेही समजण्यासारखं आहे, कारण साध्या मेलाटोनिनचं रक्तातलं प्रमाण तासाभराच्या आत निम्म्यावर येतं. 2013 साली 19 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा झोप लागायला सरासरी सात मिनिटं कमी लागल्याचं दिसलं. सात मिनिटं. जाहिरातीतली हसतमुख बाई हे सांगत नाही.

माझ्या पेशामुळे मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. औषधाच्या गोळीत घटक साधारण 90 ते 110 टक्क्यांच्या आत नसेल तर आम्ही अख्खी बॅच अडवायचो. 2017 मध्ये कॅनडात मेलाटोनिनची 31 उत्पादनं तपासली, तर प्रमाण लेबलापेक्षा 83 टक्के कमी ते 478 टक्के जास्त असं निघालं, आणि आठांमध्ये चक्क सेरोटोनिन, म्हणजे लेबलावर नसलेलं मेंदूवर काम करणारं वेगळंच रसायन, सापडलं. 2023 मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या 25 गमीज (चघळायच्या मऊ गोळ्या) तपासल्या, त्यातल्या 22 वरचं लेबल चुकीचं होतं. त्यामुळे बाहेरच्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल कंपनी दाखवत नसेल, तर वरच्या ‘5 मिलिग्रॅम’वरही माझा विश्वास बसत नाही.

व्हॅलेरियन आहे, हे मात्र कॅप्सूल उघडताच कळतं. घामट मोज्यांसारखा वास येतो, आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायन पेशींवर जिथे चिकटतं, त्या जागांवर (रिसेप्टर) व्हॅलेरियनमधलं व्हॅलेरेनिक आम्ल काम करतं, पण माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. 2017 च्या अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट निद्रानाशासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन दोन्ही न वापरण्याचा सल्ला आहे. कॅमोमाइलमधलं अपिजेनिनही त्याच गाबाच्या वाटेने जातं, पण इथे ते नावापुरतंच असणार. थिअनिन झोप आणत नाही, मन जरा सैल करतं.

पुन्हा घेणार का? नाही. दोन तारे दिले ते मेलाटोनिनचा आकडा निदान वेगळा छापलाय म्हणून. घ्यायचंच असेल तर एकच घटक असलेलं, कमी मात्रेचं घ्या, म्हणजे फायदा किंवा त्रास कशाने झाला ते तरी कळेल. तीन महिन्यांहून जास्त काळ झोप बिघडली असेल तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती, सीबीटी-आय, हा पहिला उपचार मानतात. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

आणि ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ म्हणून चालू औषधांवर ही कॅप्सूल घेऊ नका. फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल तर रक्तातलं मेलाटोनिन कितीतरी पटींनी वाढतं. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी बदलू शकते, काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणात ती नकोच. मॅग्नेशियममुळे थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स नीट शोषली जात नाहीत, त्यामुळे मध्ये काही तासांचं अंतर लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियम अजिबात नको. यातली एकही सूचना या बाटलीवर छापलेली नाही.