दहा महिने, एक सेकंडहँड डीएसएलआर आणि मामांचे माग

गेल्या गणपतीत मी सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला. 24 मेगापिक्सेल, सोबत 18-55 एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. एमएमचा आकडा वाढला की दृश्य जवळ येतं. आता जून संपत आलाय. मॉडेलचं नाव देत नाही, कारण पुढचं सगळं सुरुवातीच्या कुठल्याही डीएसएलआरला लागू पडतं.

पहिला महिना निराशेत गेला. रोज संध्याकाळी सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाकाठी जायचं, मंदिर, पाणी, पलीकडचा भुईकोट किल्ला असे ऑटो मोडवर फोटो काढायचे आणि घरी येऊन फोनशी तुलना करायची. फोनचाच फोटो उजवा दिसायचा. त्याचं कारण नंतर कळलं. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतो, त्यामुळे आकाश आणि सावली दोन्ही सांभाळली जातात. कॅमेरा एकच फ्रेम घेतो आणि त्यात काय राखायचं ते तुम्ही ठरवायचं असतं. मी काहीच ठरवत नव्हते.

खरं शिक्षण अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मामांच्या कारखान्यात झालं. टॉवेलचे आणि जकार्डवर चादरीचे माग, वर ट्यूबलाइट, एका बाजूला मोठं दार. दर रविवारी सकाळी जायचे. पहिल्या रविवारी धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) कुठल्याच फोटोत दिसेना. मामा म्हणाले, "अगं, माग थांबवू का? हलतंय म्हणून येत नसेल." मी म्हटलं, "नको मामा, चालूच राहू द्या." चालत्या मागाचाच फोटो मला हवा होता.

शटर प्रायॉरिटीवर (शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते मी ठरवायचं, बाकीचं कॅमेऱ्याने), 18 एमएमला, 1/30 सेकंद ठेवलं की आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) 400 वर उजेड पुरायचा, पण धोटा गायब आणि विणकराचा हात धुरासारखा. 1/500 केलं की धोटा जागच्या जागी, पण आयएसओ 6400 वर जायचा आणि सावलीत रवा सांडल्यासारखे दाणे. शिवाय लागोपाठ काढलेल्या चार फोटोंत एक उजळ, एक मळका, एक पिवळट. कॅमेरा बिघडला म्हणून मी घाबरले. दोष ट्यूबचा होता. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर त्याहून वेगवान असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला त्यातला वेगळा तुकडा येतो. 1/100 किंवा 1/50 वर आलं की रंग एकसारखे. हे नियम मी आधी वाचले होते, पण डोक्यात बसले ते त्या शेडमध्येच.

म्हणूनच नव्या माणसाला पहिल्याच दिवशी 'पूर्ण मॅन्युअलवर जा' असं सांगतात ते मला पटत नाही. शटर, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) आणि आयएसओ ही तीन चाकं एकदम फिरवली की कशामुळे काय झालं तेच कळत नाही. मी दोन महिने फक्त शटर बदललं, मग दोन महिने ॲपर्चर. मॅन्युअल आपोआप आलं.

दिवाळीनंतर 50 एमएम एफ/1.8 लेन्स घेतली. एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर मोठं. माझ्या मते नवशिक्याने करावा असा पुढचा खर्च हाच. किट लेन्स 55 ला एफ/5.6 पेक्षा जास्त उघडत नाही, ही त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. त्याच शेडमध्ये 1/500 आता आयएसओ 1600 वर मिळू लागलं. अडचण एकच, अशा कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ती 75-80 एमएमसारखी वागते. दोन मागांच्या बोळात उभं राहून विणकर पूर्ण येईना, पाठ भिंतीला टेकली तरी नाही.

आणि इथेच मी मोठी चूक केली. लेन्स शेडमध्येच बदलली. हवेत सुताचं तूस उडत असतं. पुढच्या आठवड्यात तलावावरच्या आकाशात प्रत्येक फोटोत, अगदी त्याच जागी, दोन काळे ठिपके. एफ/4 ला दिसत नव्हते, एफ/16 ला ठळक. सेन्सरवर कण बसला की तो असाच लहान ॲपर्चरला उघडा पडतो. ब्लोअरने एक गेला, दुसऱ्यासाठी दुकानात पैसे मोजून साफसफाई करावी लागली. आता कारखान्यात शिरण्याआधीच कोणती लेन्स ते ठरवते आणि बाहेर येईपर्यंत ती काढत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सगळीकडे पांढरंच पांढरं. सकाळचे माझे सगळे फोटो राखाडी आले. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून मोजतो, म्हणून फ्रेम पांढऱ्याने भरली की तो उजेड कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड आपण कमीजास्त करायची सोय) अधिक एक केलं आणि बाराबंदी बाराबंदीसारखी दिसली. दुपारी मात्र तेच अधिक एक अंगाशी आलं, उन्हातल्या खांद्यांवर कापडाची घडीसुद्धा उरली नाही. तेव्हापासून स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही, हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाचा आलेख) उजव्या, म्हणजे पांढऱ्या कडेला चिकटलाय का ते बघते.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला ट्रायपॉड नेला होता. आयएसओ 100, एफ/11, तीन सेकंद. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि शटर पडतच नाही, त्यात पहिली दहा मिनिटं गेली. आधीच लांबच्या दिव्यावर फोकस धरून मॅन्युअलला टाकायला हवा होता. पक्ष्यांचं थोडक्यात सांगते, हिप्परगा तलावावर 55 एमएम घेऊन जाऊ नका, लांबचा पक्षी ठिपक्याएवढा येतो.

कॅमेऱ्याबद्दल तक्रारी आहेतच. स्क्रीन वळत नाही, त्यामुळे मागाच्या खालून फोटो काढायला तेलकट फरशीवर झोपावं लागतं. एक रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण 25 एमबीचा, लॅपटॉप भरत आलाय. तरी रॉ सोडणार नाही, कारण ट्यूबचा हिरवट रंग घरी बसून काढता येतो.

मार्चमध्ये मला हवा होता तो फोटो मिळाला. एका विणकराचा धागा तुटला, त्याने माग थांबवला आणि टोक शोधायला वाकला. शेजारचा माग चालू होता. मी खांबाला कोपर टेकवून 18 एमएमवर 1/15 ला क्लिक केलं. माणूस स्पष्ट, त्याची दोन बोटं स्पष्ट, आणि मागे चालत्या फणीचा नुसता पांढरा झोत. त्याला दाखवला तर म्हणाला, "अक्का, कागदावर द्या की."

पहिली प्रिंट काळपट आली, दुसरीही. मी लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट करत होते, कागदाला तेवढा उजेड नसतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून, फोटो पुन्हा उचलून, तिसऱ्यांदा छापला. रविवारी नेऊन दिला. त्याने हात पुसले, दाराच्या उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला, आणि मामांना विचारलं की घरच्यांसाठी अजून एक मिळेल का.